रेसिप्रो मशीन उड्या मारतंय, ब्लेड वाकवतंय? दुरुस्तीला आणण्याआधी हे तपासा

रेसिप्रो म्हणजे रेसिप्रोकेटिंग सॉ, ब्लेड पुढे-मागे हलवून कापणारी हातातली विजेची करवत. लक्षणं आधी सांगतो. यातलं एखादं जरी तुमच्या मशीनला लागू असेल, तर पुढचं तुमच्यासाठीच लिहिलंय.

- ट्रिगर दाबला की काप पडायच्या ऐवजी मशीनच हातात पुढे-मागे आदळतं. दोन मिनिटांत मनगट झिणझिणतं.
- ब्लेड मधूनच वाकतं किंवा टोकाला मुरडतं.
- काप सरळ सुरू होतो आणि खाली उतरेपर्यंत तिरका झालेला असतो.
- नवं ब्लेड पाच-दहा मिनिटांत बोथट होतं, दात्यांवर निळसर झाक येते.
- चालता चालता ब्लेड निसटून बाहेर येतं.
- मशीन तापतं, जोर कमी पडतो, मागच्या झरोक्यांतून ठिणग्या दिसतात, जळका वास येतो.

पहिल्या चार तक्रारींत मशीनचा दोष क्वचितच निघतो. पाचवीत बहुधा साफसफाई लागते. शेवटची तेवढी गंभीर, आणि तीही पुष्कळदा मशीनमधून नाही, वायरीतून सुरू होते.

मी पुण्यात भवानी पेठेत, टिंबर मार्केटजवळ, पॉवर टूल भाड्याने देतो आणि दुरुस्तही करतो. सुतार, प्लंबर, फॅब्रिकेशनवाले, जुने वाडे उतरवणारे ठेकेदार अशी सगळी मंडळी काउंटरवर येतात. गुरुवारी पाणी बंद असतं तो दिवस साधून प्लंबर सोसायट्यांच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या अरुंद पोकळीत, उतरतात, आणि शुक्रवारी सकाळी मशीन परत येतं. सोबतचं वाक्य ठरलेलं असतं: “शेठ, मशीन खराब आहे, लई उडतंय.” मी लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. मशीन वळवून पुढची प्लेट बघतो.

ही प्लेट म्हणजे ब्लेडच्या मुळाशी असलेला, थोडा वर-खाली झुलणारा लोखंडी तुकडा. त्याला शू म्हणतात. नीट वापरलेल्या मशीनचा शू समोरून घासून चकचकीत झालेला असतो. तक्रार घेऊन आलेल्या मशीनच्या शूवर समोरचा काळा रंग जसाच्या तसा असतो, फक्त खालच्या एका कडेला ठोकल्यासारख्या, टवके उडाल्यासारख्या खुणा असतात. या खुणांचा अर्थ एकच. शू मालावर, म्हणजे कापायच्या वस्तूवर, टेकलेला नव्हता, दर फेरीला मालावर येऊन आपटत होता. हे दिसलं की निम्मा निकाल तिथेच लागतो.

कशालाही हात लावण्याआधी

प्लग बोर्डातून बाहेर काढा. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवा. बोर्डाचं बटण बंद करून भागत नाही, कारण कुणीतरी येऊन ते चालू करतं. ब्लेड बदलताना एक हात दात्यांवर असतो आणि दुसऱ्या हाताची पकड नेमकी ट्रिगरपाशी येते. ट्रिगर चालू ठेवायचं लॉक बटण आधीच दाबलेलं राहिलं असेल, तर प्लग घातल्याबरोबर मशीन जमिनीवरून पळायला लागतं. म्हणून प्लग घालायच्या आधी एकदा ट्रिगर दाबून सोडून बघायचा. तो मोकळा परत आला पाहिजे.

पहिली तपासणी, फुकटची: शू टेकतोय का?

या मशीनच्या बहुतेक ब्लेडचे दाते मशीनच्या दिशेने झुकलेले असतात. त्यामुळे खरा काप पडतो तो ब्लेड मागे खेचलं जाताना. ब्लेड मालाला आपल्याकडे ओढतं. माल घट्ट बसलेला असेल तर उलट मशीनच मालाकडे ओढलं जातं. शू आधीच मालाला घट्ट टेकलेला असेल तर ही ओढ तिथेच जिरते आणि सगळी ताकद दात्यांत जाते. शू आणि माल यांच्यात बोटभर फट राहिली, तर मशीन ती फट भरून काढायला पुढे उडी घेतं, आपटतं, मागे येतं, पुन्हा आपटतं. मोठ्या मशीनच्या ब्लेडची एक फेरी साधारण 28 ते 32 मिलिमीटरची असते आणि पूर्ण वेगात मिनिटाला अठ्ठावीसशे ते तीन हजार फेऱ्या होतात. म्हणजे सेकंदाला पंचेचाळीसहून जास्त. इतक्या वेळा आपटणारं मशीन कुणाच्याही हातात स्थिर राहणार नाही, मग तो कितीही धट्टाकट्टा असो.

काप सुरू करताना दोन्ही हातांनी मशीन धरा. एक हात मागच्या मुठीवर, दुसरा पुढच्या रबरी आवरणावर. आधी शू मालावर दाबा, ब्लेड मालापासून केसभर दूर ठेवा, मग ट्रिगर हळू दाबा. खाच पडली की वेग वाढवा. जोर दोन दिशांना लावायचा असतो. पुढे, म्हणजे शू टेकून राहावा म्हणून, तो भरपूर. आणि खाली, म्हणजे काप उतरावा म्हणून, तो बेताचा. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. खाली जीव खाऊन दाबतो आणि पुढचा दाब विसरतो. ब्लेड वाकतं ते या खालच्या दाबाने. तिरका काप पडतो तोही त्यानेच, कारण लवचीक पातं दाबाखाली वाट सोडतं.

शू स्वतः सैल असेल तर मात्र मशीनचाच दोष. बऱ्याच मशीनमध्ये शू पुढेमागे सरकवता येतो आणि ॲलन कीने किंवा लहान खटक्याने आवळता येतो. हाताने हलवून बघा. झुलायला हवा तो फक्त आपल्या पिनेवर वर-खाली. मागेपुढे सरकत असेल तर आवळा. पैसा लागत नाही.

आणि काप संपल्यावर मशीन लगेच उचलू नका. ट्रिगर सोडा, ब्लेड थांबू द्या, मग बाहेर काढा. चालू ब्लेड खाचेतून वर काढताना टोक कडेला लागलं की मशीन थेट अंगावर येतं.

दुसरी, तीही फुकटची: माल हलतोय का, काप मिटतोय का?

मशीन स्थिर धरलं तरी माल नाचत असेल तर परिणाम तोच. टेबलावरचा तुकडा सी-क्लॅम्पने बांधा, पाइप वाइसमध्ये धरा. पायाखाली दाबून कापायची सवय आमच्याकडच्या पोरांना फार आहे, आणि ती मोडायला मी रोज भांडतो. पायाचा अंगठा आणि ब्लेडचं टोक यांच्यात एवढीशी जागा असते.

डक्टमधल्या उभ्या किंवा आडव्या पाइपचं दुखणं वेगळं. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकलेला असतो. मध्ये कापायला घेतला की वजनाने झोळ येतो, खाच वरून मिटते आणि ब्लेड चिमटीत सापडतं. मोटर गुंगते, ब्लेड मुरडतं, मशीन हिसका देतं. उपाय सोपा आहे. कापाच्या दोन्ही बाजूंना टेकू द्या, किंवा जिकडचा तुकडा पडायचा तिकडे मोकळा झुकू द्या, म्हणजे खाच उघडत जाईल. कापायचा तुकडा सुटल्यावर कुठे पडणार हे आधी ठरवा. चार इंची बिडाच्या पाइपचा हातभर तुकडाही पायावर पडला तर हाड मोडतो.

झाडाच्या फांदीचंही हेच. वरून कापत गेलात तर फांदी वजनाने खाली बसते, खाच ताणली जाते आणि शेवटी साल सोलत खोडापर्यंत चीर जाते. आधी खालून तिसऱ्या हिश्शापर्यंत काप घ्या, मग वरून, थोडं पुढे सरकून. पावसाळ्यात गुलमोहराच्या फांद्या मोडून पडल्या की हे मशीन भाड्याने न्यायला रांग लागते, म्हणून इथे दोन गोष्टी सांगून ठेवतो. शिडीवर चढून हे मशीन चालवायचं नाही. त्याला दोन्ही हात लागतात, मग शिडी धरायला हात उरत नाही. आणि उभ्या झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड तुमच्या आवारातलं असलं तरी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. फांदी विजेच्या तारांजवळ असेल तर विषय तिथेच संपला. महावितरणला फोन करा.

तिसरी: ब्लेड बरोबर आहे का?

इथे थोडा वेळ घेतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

ब्लेडवर दर इंचाला किती दाते आहेत ते छापलेलं असतं. दुकानात त्याला टीपीआय म्हणतात. लाकडाला पाच-सहा दात्यांचं, खिळे असलेल्या लाकडाला सहा ते दहाचं, जाड लोखंडाला चौदाचं, पाइप-अँगलला अठराचं, पातळ पत्र्याला चोवीसचं. हे पाठ करण्यापेक्षा त्यामागचा नियम लक्षात ठेवा: मालाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते बसले पाहिजेत.

उदाहरण घ्या. एक इंची मध्यम जाडीच्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपची भिंत 3.2 मिलिमीटर असते. सहा दात्यांच्या ब्लेडमध्ये दोन दात्यांतलं अंतर सव्वाचार मिलिमीटर. म्हणजे पाइपची अख्खी भिंत दोन दात्यांच्या मधल्या खळग्यात जाऊन बसते. दाता तिला कापत नाही, आकड्यासारखा अडकतो. मशीन उडतं आणि दाते तुटून पडतात. चोवीस दात्यांच्या ब्लेडमध्ये अंतर एक मिलिमीटरच्या जरा वर, त्यामुळे त्याच भिंतीत तीन दाते बसतात. अठराचं ब्लेडही एक इंची जीआयला चालतं, कारण पाइप गोल असल्यामुळे बराचसा काप भिंतीतून तिरका जातो. लाकडाचं ब्लेड लावून मात्र पाइपला हात घालू नका. उलट बाजूने, चोवीस दात्यांचं ब्लेड सागवानाच्या फळीत घातलं तर बारीक खळगे भुशाने लगेच भरतात, ब्लेड नुसतं घासतं, धूर निघतो आणि दाते निळे पडतात.

पेठांमधले जुने वाडे उतरवणाऱ्यांसाठी खास सांगणं. कडीपाटाचे वासे आणि तुळया वरून शुद्ध सागवान दिसतात, पण आत जुने जाड खिळे आणि पट्ट्या दडलेल्या असतात. साध्या लाकडी ब्लेडने पहिल्या खिळ्यालाच दाते जातात. तिथे बायमेटल ब्लेडच लावा. त्याची पाठ लवचीक पोलादाची आणि दाते हायस्पीड स्टीलचे असतात, त्यामुळे ते वाकतं पण पटकन मोडत नाही. बिडाचा पाइप किंवा स्टेनलेस असेल तर कार्बाइडचे दाते असलेलं ब्लेड घ्या. महाग असतं, पण बिडावर साधी चार ब्लेडं मोडण्यापेक्षा ते परवडतं.

आता लांबी. ब्लेड मागच्या टोकाला आलेलं असतानाही त्याचं पुढचं टोक मालाच्या पलीकडे राहिलं पाहिजे. चार इंची जीआय पाइप बाहेरून 114 मिलिमीटर भरतो. सहा इंची म्हणजे 150 मिलिमीटरचं ब्लेड पुरेल असं वाटतं. पण शँक, म्हणजे मशीनमध्ये बसणारं ब्लेडचं मूळ, आणि शूपर्यंतचं अंतर वजा करा, त्यातून 30 मिलिमीटरची फेरी वजा करा, की टोक पाइपच्या आतच राहतं. मग दर फेरीला ते आतून पलीकडच्या भिंतीवर टोच्यासारखं आपटतं. ब्लेडचं टोक मुरडलेलं दिसलं की बहुतेक वेळा कारण हेच. तिथे नऊ इंची ब्लेड लावा. उगाच बारा इंचीही नको, कारण जास्तीचं पातं पलीकडे फडफडतं आणि हादरा वाढवतं.

टोकाचाच दुसरा प्रश्न म्हणजे पलीकडे काय आहे. भिंतीला चिकटून गेलेल्या पाइपमागे चार बोटं जागा नसेल, तर कुठलंही ब्लेड भिंतीवर आपटणारच. सहकारनगरच्या एका जुन्या सोसायटीत डक्टमध्ये मी स्वतः असा पाइप कापायला गेलो होतो. अंदाजाने जागा पुरेशी वाटली, मोजली नाही. टोक विटेवर बसलं, मशीन मागे फेकलं गेलं आणि माझं मनगट महिनाभर बांधलेलं राहिलं. तेव्हापासून आत हात घालून, लाकडी पट्टीने मोजल्याशिवाय मी ट्रिगर दाबत नाही. जागा कमी असेल तर ब्लेड उलटं, दाते वर करून लावता येतं का बघा. बऱ्याच मशीनमध्ये लागतं, आणि अडचणीच्या जागी त्याने मार्ग निघतो. नाहीतर सरळ हॅक्सॉ घ्या.

ब्लेड जुनं आहे का हे बघायला ते उजेडात धरा. दाते एका तीस-पस्तीस मिलिमीटरच्या पट्ट्यातच झिजलेले दिसतील, पुढचे कोरे असतील. फेरी तेवढीच असते आणि पाइपसारखा माल नेहमी शूजवळच कापला जातो, म्हणून असं होतं. शू सरकवता येत असेल तर तो पुढे सरकवा, म्हणजे कोरे दाते कामाला येतील. एका ब्लेडचं काम दुपटीने होतं. हे आमच्याकडच्या फार थोड्या लोकांना माहीत आहे.

चौथी: ब्लेड निसटतंय का?

ब्लेड बसवल्यावर ते जोरात बाहेर ओढून बघा, हातमोजा घालून. ही सवय लावून घ्या. कॉलर, म्हणजे ब्लेड पकडणारी फिरती कडी, पूर्ण फिरून स्प्रिंगने जागेवर परत आली नसेल, तर आतली पिन ब्लेडच्या भोकात बसलेली नसते, मग ते दिसायला कितीही घट्ट वाटो.

कॉलर अर्ध्यात अडकण्याचं कारण बहुतेक वेळा घाण असतं. सागवानाचा तेलकट भुसा, लोखंडाचा कीस आणि कुणीतरी प्रेमाने भरलेलं ग्रीस, या तिघांचा मिळून काळा लगदा होतो. जुना टूथब्रश आणि थोडं पातळ तेल घेऊन कॉलर फिरवत फिरवत घासा, फडक्याने पुसा, पुन्हा घासा. तीन-चारदा केल्यावर फडकं स्वच्छ निघायला लागतं आणि कॉलर खटकन परत येते. तो आवाज आला की काम झालं. शेवटी तेलाचा एकच थेंब. ग्रीस घालू नका, त्याला भुसा चिकटतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

ब्लेड मुळाशी तुटून शँक आतच राहिली असेल तर मशीनचं तोंड जमिनीकडे करा, कॉलर फिरवून धरा आणि मशीन हलवा. बहुतेक वेळा तुकडा पडतो. नाही पडला तर दुसऱ्या बारीक ब्लेडच्या टोकाने त्याला अडकवून ओढा. प्लग अर्थातच बाहेर. पक्कड घालून पिळू नका, आतली पिन वाकते आणि मग खरोखर दुरुस्ती निघते. साफ केल्यावरही ब्लेड सुटत असेल तर पिन किंवा स्प्रिंग झिजली आहे. त्या मशीनने पुढे काम करायचं नाही. सुटलेलं ब्लेड कुणाच्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही.

वेग आणि ऑर्बिटल

हे झटकन सांगतो. ऑर्बिटलचा खटका असेल तर तो फक्त लाकडाला. त्यात ब्लेड पुढे-मागे जाताना थोडं वर-खालीही फिरतं, भुसा लवकर निघतो. लोखंडावर तो चालू राहिला तर दाते धातूवर ठोके घालतात, म्हणून तिथे बंद. लाकूड पूर्ण वेगात, लोखंड मध्यम, स्टेनलेस अगदी हळू आणि तेलाचे थेंब टाकत. ब्लेड निळं पडलं म्हणजे वेग जास्त होता.

पाचवी: वीज पुरतेय का?

मशीन तापतंय, जोर नाही, अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, वायर कुठली वापरली. अकराशे वॉटचं मशीन 230 व्होल्टला पाच अँपिअरच्या आसपास घेतं, ब्लेड अडकलं की त्याहून बरंच जास्त. आता साइटवर पन्नास मीटरचं रीळ असतं, पाऊण एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरचं. जाऊन-येऊन शंभर मीटर तांबं, म्हणजे वायरीतच बारा व्होल्ट खाल्ले जातात. उन्हाळ्यात दुपारी बोर्डालाच व्होल्टेज कमी मिळत असेल तर मशीनपर्यंत आणखी कमी पोचतं. मोटर हळू फिरते, तिचा पंखाही हळू फिरतो, माणूस जास्त दाबतो, करंट वाढतो आणि मोटर आतून भाजत जाते.

आणि त्या बारा व्होल्टचं काय होतं? पाच अँपिअरला साठ वॉट उष्णता. रीळ गुंडाळलेलंच ठेवलं तर त्याच्या पोटात साठ वॉटचा बल्ब पेटवून ठेवल्यासारखं आहे. माझ्याकडे एक रीळ असं परत आलं होतं. वरचे वेढे ठीक होते, आतल्या वेढ्यांचं प्लास्टिक एकमेकांना चिकटून एकच गोळा झाला होता. म्हणून वायर पूर्ण उलगडा आणि निदान दीड एमएमची घ्या. लांब जायचं असेल तर अडीचची. प्लग आणि सॉकेट काम करताना हाताला गरम लागत असेल तर जोड सैल आहे, तो आधी नीट करा.

वायर शू आणि ब्लेडपासून लांब, पाठीवरून खांद्यावर घ्या. साइटच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, असलंच पाहिजे. नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि मगच मशीन लावा. यावर मी कुणाशी घासाघीस करत नाही.

सहावी: कार्बन

वायर ठीक आहे, तरी मशीन अधूनमधून बंद पडतंय, ठोकलं की चालू होतंय, असं असेल तर कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, संपले असतील. मोटरच्या दोन्ही बाजूंना गोल प्लास्टिकच्या टोप्या असतील तर मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने उघडून कार्बन बाहेर काढा. त्यावर मर्यादेची रेघ असते. रेघ नसेल तर पाच-सहा मिलिमीटरच्या खाली गेला की बदला. दोन्ही एकदमच बदला, एक नवा आणि एक जुना ठेवलात तर दाब सारखा राहत नाही. त्याच मॉडेलचे घ्या. घासून बसवलेला दुसरा कार्बन होल्डरमध्ये अडकतो. बदलल्यावर ब्लेड न लावता दोन-चार मिनिटं मोकळं फिरवा, म्हणजे तो जागेवर बसेल. बाहेरून टोप्या नसतील तर हे काम सर्व्हिस सेंटरचं.

झरोक्यांतून बारीक निळ्या ठिणग्या दिसणं नेहमीचंच. नवीन कार्बन घालूनही कम्युटेटरभोवती, म्हणजे कार्बन जिथे घासतो त्या तांब्याच्या भागाभोवती, नारिंगी आगीचं कडं फिरत असेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, गेलेलं आहे. लगेच बंद करा.

इथे थांबा

यापुढे घरी उघडायचं नाही. मोटर फिरते पण ब्लेड हलत नाही, गिअरच्या डब्यातून ठक-ठक आवाज येतो, ग्रीस बाहेर पाझरतं, पुढचा दांडा हाताने डावी-उजवीकडे हलतो, मशीनला हात लावल्यावर चिमटा बसतो, यातलं काहीही असेल तर मेकॅनिककडे द्या. आत वजनाचा समतोल ठेवणारा तुकडा असतो. डबा उघडून तो चुकीच्या कोनात बसवला तर मशीन आधीपेक्षा दुप्पट हादरतं, आणि वॉरंटी असेल तर ती जाते ते वेगळंच. अशी अर्धी उघडून पिशवीत भरून आणलेली मशीन जोडायला मला नव्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागतो.

मशीन ठीक असूनही हात आवरायच्या जागा आहेत. भिंतीत किंवा फॉल्स सीलिंगमध्ये ब्लेड घालण्याआधी मेन बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. पुढचा डबा धातूचा असतो. पातं जिवंत वायरीला लागलं तर करंट तिथपर्यंत येतो, म्हणून तर त्यावर रबर चढवलेलं असतं. ते रबर काढून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत, पकड चांगली येते म्हणतात. तसं मशीन मी परत घेतो आणि पुन्हा देत नाही. स्वयंपाकघरातून पाइप गॅसची लाइन जात असेल तर ती कापणं आपलं काम नाही, गॅस पुरवणाऱ्या एमएनजीएल कंपनीला बोलवा. वाड्यातली तुळई वरचा भार घेऊन उभी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने टेकू ठरवून दिल्याशिवाय तिला दाता लावू नका. आणि जुने सिमेंटचे पत्रे किंवा सिमेंटचे पाइप असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. या मशीनने कापले तर त्याची धूळ हवेत उडते आणि फुप्फुसात जाऊन बसते. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही.

चष्मा आणि कानाला मफ हे रोजचं. ओढणी, उपरणं, सैल बाह्या बाजूला ठेवा. सलग काम करताना दर दहा-पंधरा मिनिटांनी मशीन खाली ठेवा, बोटं उघडा-मिटा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा थंडीत टोकं पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवा. हा त्रास हादऱ्यांनी होतो, आणि उशीर केला तर कायमचा राहतो. आमच्याकडचे दोन जुने मिस्त्री आता शर्टाचं बटण स्वतः लावू शकत नाहीत.

मशीन दुरुस्तीला आणाल तेव्हा शेवटचं ब्लेड फेकून देऊ नका. वाकलेलं असो, तुटलेलं असो, सोबत आणा आणि काय कापत होतात ते सांगा. वायरचं रीळही आणा. दाते कुठे झिजलेत, टोक कसं मुरडलंय, वायर किती जाडीची आहे, हे काउंटरवरच बघून मशीन उघडायचं की नाही ते ठरवता येतं. बऱ्याचदा मी ते न उघडताच परत देतो.